घर सुरक्षित आढळले

ता. ११ जून

चौकशीबाई,

इस्त्रीवाला विचारतोय, वर काय लिहू, 'सप्रेम नमस्कार' की 'सविनय'? मी म्हटलं, प्रेमाचं अजून ठरायचंय आणि विनय मला झेपत नाही. नुसतं 'चौकशीबाई' लिही. तुझं खरं नाव तू सांगितलं होतंस, पण तेव्हा तू आमच्या पाण्याच्या पिंपात डोकावत होतीस, त्यामुळे ते पिंपातच पडलं.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, खालचा इस्त्रीवाला लिहितो. माणूस सज्जन आहे, फक्त मधेमधे माझं बोलणं इस्त्री करून सरळ करायला बघतो. मी परत चुरगाळते. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि फोनवर बोललेलं नंतर कुणी कबूल करत नाही.

परवा तू खाटेखाली वाकलीस, कपाट उघडलंस, टोपलीतले कांदे बघितलेस. मला वाटलं, आता माझे दात मोजशील. चार आहेत. विचारलं असतंस तर तोंड उघडून दाखवलं असतं.

तू विचारलंस घरी कोण कोण असतं. खोली एवढी की एकीने कूस बदलली की तिघींना बदलावी लागते. मी, माझी लेक आणि लेकीची लेक भिंगरी. मी शर्टांना बटणं लावते. लेक काम शोधतेय. चौथा होता तो लेकीचा दुसरा नवरा, रंगारी. लोकांच्या भिंती गुळगुळीत करायचा आणि घरी येऊन माणसांवर डाग पाडायचा. कोर्टाने त्याला दाराबाहेर ठेवलंय. तो राहील ना बाहेर, ते कोर्टाला विचार.

त्याच्या काळात भिंगरी शाळेत धड गेलीच नाही. गालावर बोटं उमटली की तिची आई तिला घरी ठेवायची, शाळेतल्या बाई विचारतील म्हणून. आता शाळेने परत घेतलंय, पण दोन यत्ता खाली बसवलंय. बाकाखाली तिचे गुडघे मावत नाहीत. शेजारी बसणारी चिमुरडी तिला 'मावशी' म्हणते.

तू जिना उतरताना म्हणालीस, सरकार तिला घरी शिकवायला मास्तर देईल आणि वर्षअखेर परीक्षा पास झाली तर ती आपल्या बरोबरीच्या वर्गात जाईल. हे खरं, की म्हातारीच्या घरून मोकळ्या हाताने निघायचं नाही म्हणून दिलेला शब्द? खरं असेल तर लिहून पाठव. मला वाचता येत नाही, पण कागदाला हात लावून खरं-खोटं कळतं. निदान मी तसं सगळ्यांना सांगते.

भिंगरीची आजी
(खाली आहे तो अंगठा. इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा डाग नव्हे.)

•

ता. २० जून

आदरणीय आजी,

तुमचं पत्र आमच्या कार्यालयात तिघांनी वाचलं आणि तिघेही हसले. इथे हसण्यासारखं फार येत नाही, म्हणून आधी आभार.

मास्तरांचं खरं आहे. ज्या मुलांच्या घरी आमचं जाणं-येणं असतं, ती मुलं बहुतेक शाळेत मागे पडतात. घरात आग लागलेली असताना पाढे कोण पाठ करणार? म्हणून सरकारने अशा मुलांसाठी वेगळी सोय ठेवली आहे. घरी येऊन शिकवणारे एक मास्तर. शाळेत त्या मुलीवर लक्ष ठेवणारी एक शिक्षिका. आणि गैरहजेरीसाठी शाळेला तिचं नाव कापता येत नाही. भिंगरीला हे तिन्ही मंजूर झालं आहे. मास्तर पुढच्या महिन्यापासून येतील.

मी मात्र अधूनमधून येत राहीन. कांदे मोजणार नाही. पण आजी, खाटेखाली बघावं लागतं. एका घरात मला खाटेखाली एक मुलगा सापडला होता. तो तिथेच राहायचा.

तुमची,
बालकल्याण कार्यालयातली कार्यकर्ती

•

ता. २ सप्टेंबर

चौकशीबाई,

तुझा तो खाटेखालचा मुलगा काही माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा पिंप, कपाट, खाट, सगळं माफ.

मास्तर आला. सरकारने बाकी कशात हात आखडला असेल, मास्तरच्या लांबीत नाही. आल्या आल्या दाराच्या चौकटीला डोकं आपटलं, नमस्कार केला, वर बघितलं आणि तुळईला आपटलं. आता तो दारातूनच बसत येतो.

पहिल्या दिवशी तो भिंगरीला म्हणाला, "खाली बस." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बरं, निदान एका जागी उभी राहा." तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, "फीर बाई, फीर, पण तोंडाने वाच." तेव्हापासून आमच्याकडे शिक्षण चालत्या पायांनी होतं. चुलीपासून दारापर्यंत इतिहास, दारापासून चुलीपर्यंत गणित. खालची बिऱ्हाडकरीण तक्रार घेऊन आली की वर कोण दळतंय. मी म्हटलं, माझी नात अपूर्णांक दळतेय, पीठ हवं तर थांबा.

काल तिने मला सांगितलं की माझ्या पोटात लांबच लांब नळी गुंडाळून ठेवलीय. मी म्हटलं, तरीच चहा पोचायला वेळ लागतो. हसली. बाई, ती हसते तेव्हा आधी दाराकडे बघते, हसू का म्हणून. या वेळी बघितलं नाही. मास्तरलाही ते दिसलं बहुतेक, कारण त्याने एकदम पुस्तकात तोंड घातलं.

मास्तर म्हणतो, पोर हुशार आहे, परीक्षा देईल आणि आपल्या वर्गात जाऊन बसेल. भिंगरीने भिंतीवर आपली उंची आखून ठेवलीय आणि म्हणते, त्या वर्गातले बाक मोठे असतात, मी बघून आलेय.

आता तुझ्याबद्दल. रागावू नकोस. तू येतेस तेव्हा गळ्यातलं ते ओळखपत्र जिन्याखालूनच लटकत येतं. गल्ली ते वाचते. शाळेतही कुणी तरी पाहिलं असणार, कारण तिथे आता तिला 'फाइल' म्हणतात. "फाइल आली, फाइल आली, सरकून बसा." मावशी परवडली होती. परवा घरी येऊन तिने दप्तर ठेवलं आणि मला विचारलं, "आजी, ती बाई यायची कधी थांबेल?"

मास्तर सरकारचा आहे, चांगला आहे, येऊ दे. पण तुझी फाइल बंद व्हायला काय करावं लागतं, ते सांग. मी करते. घासायचं म्हणशील तर घासते, रंगवायचं म्हणशील तर रंगवते, अर्थात रंगारी सोडून दुसऱ्याकडून.

भिंगरीची आजी

•

ता. १४ सप्टेंबर

प्रिय आजी,

'फाइल' हे ऐकून वाईट वाटलं. ओळखपत्र मी आता पिशवीत ठेवेन. शाळेतल्या शिक्षिकेशीही बोलले आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भिंगरीच्या आईला कायमचं काम हवं. तो माणूस घरात येत नाही याची खात्री हवी. मुलीची झोपायची जागा वेगळी, निदान पडद्याआड. शाळेतली हजेरी नियमित. आणि आम्ही अचानक आलो तरी सगळं असंच दिसायला हवं.

पण आजी, घाई करू नका. फाइल बंद झाली की माझ्याबरोबर बाकीचंही थांबतं. माझ्या वरिष्ठांना बंद फायली आवडतात, कारण उघड्या फायलींनी कपाटं भरली आहेत आणि माणसं कमी आहेत. ते रोज विचारतात, ही का उघडी, ती का उघडी. मी भिंगरीची परीक्षा होईपर्यंत वेळ काढायचा प्रयत्न करते आहे. तुम्ही मला घाईने चांगलं घर दाखवलंत, तर मला ते लिहावं लागेल.

तुमची,
चौकशीबाई
(कार्यालयातही आता मला हेच म्हणतात. तुमची कृपा.)

•

ता. २५ नोव्हेंबर

चौकशीबाई,

ये आणि बघ! येताना काळा चष्मा आण, नाही तर डोळे दिपतील.

लेक बेकरीत लागली. पहाटेची पाळी, घरी येते तेव्हा सगळ्या अंगाला पावाचा वास. भिंगरीची खाट पडद्यामागे. पडदा मी शिवला, शर्टांच्या उरलेल्या कापडाचा, त्यामुळे त्याला तीन खिसे आहेत. दाराला आतून नवी कडी बसवली. जुनी सैल झाली होती. भिंती घासल्या. पिंपात डोकावलीस तर स्वतःचं तोंड दिसेल, आणि तुला ते कसं आहे ते एकदा कळलेलं बरं.

संध्याकाळी भिंगरीला मी खाली इस्त्रीच्या दुकानात अभ्यासाला बसवते. तिथे उजेड चांगला असतो. मास्तरही आता तिथेच शिकवतो, तिथली तुळई उंच आहे. ती कपड्यांच्या गठ्ठ्यांभोवती फिरत वाचते. गिऱ्हाईकं कपडे न्यायला येतात आणि नद्यांची नावं ऐकून जातात.

तू लिहिलंयस, तुझ्याबरोबर बाकीचंही थांबतं. अगं, तेच तर हवंय! त्या चौकश्या, ते लोकांचं माना वळवून बघणं, ते 'फाइल'. थांबू दे की सगळं. एकदा ही बला गेली की पोर ताठ मानेने शाळेत जाईल. तुझ्यावर राग नाही. पावसात छत्री चांगली असते, पण ऊन पडल्यावर कुणी ती उघडून घरात बसत नाही.

तेव्हा वेळ काढू नकोस. वरिष्ठांना म्हणावं, आलीच एक फाइल कपाटातून खाली.

भिंगरीची आजी

•

ता. १९ डिसेंबर

प्रिय आजी,

परवाच्या भेटीत तुम्ही जे घर दाखवलंत, तसं घर मी या वर्षात दुसरं पाहिलं नाही. मी एकटी आले असते तर काही तरी खुसपट काढून वेळ काढला असता. पण वरिष्ठ बरोबर होते आणि ते तुमच्या तीन खिशांच्या पडद्यावरच खूश झाले. अहवालात त्यांनी स्वतः लिहिलं: घर सुरक्षित आढळले. फाइल बंद करण्यात येत आहे.

भिंगरीच्या आईच्या मनगटावर एक डाग होता. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बेकरीतल्या भट्टीचा चटका. तसं नोंदवलं आहे.

फाइलबरोबर घरची शिकवणी या महिन्याअखेर थांबेल. शाळेतल्या शिक्षिकेचं लक्षही आता वेगळं असणार नाही, आणि हजेरीचे नियम भिंगरीला इतर मुलांसारखेच लागू होतील. याबद्दल मी सप्टेंबरात लिहिलं होतं. तेव्हा आणखी स्पष्ट लिहायला हवं होतं, असं आता वाटतं.

मुलीला सांगा, तिच्यासारखं चालत-चालत वाचणारं मी कुणी पाहिलं नाही.

तुमची,
चौकशीबाई

•

ता. १६ जानेवारी

चौकशीबाई,

मास्तर आला नाही. भिंगरी दुकानात वही उघडून बसली. हो, बसली, फिरली नाही, तो आला की उभं राहता यावं म्हणून. इस्त्रीवाल्याने दोनदा रस्त्यावर जाऊन बघितलं. मग तुझं पत्र त्याने मला पुन्हा वाचून दाखवलं, सावकाश, लहान पोराला भरवावं तसं. मला तेव्हा कळलं.

म्हणजे मास्तर तुझ्या फायलीला बांधलेला होता? मला वाटलं होतं, मास्तर वेगळा आणि तू वेगळी. तू आमच्या वाइटासाठी येतेस आणि मास्तर पोरीच्या हुशारीसाठी. तुम्ही दोघं एकाच दोरीची दोन टोकं आहात हे कुणाच्या बापाला कळावं? इस्त्रीवाला म्हणतो, बाई लिहीत होत्या. लिहीत होत्या, पण नवी नवरी लाजत बोलते तसं. म्हातारीला काय सांगायचं ते चमच्याने नाही, पातेल्याने ओतावं.

हा कुठला न्याय, ते सांग. घर घाण असेल तर पोरीला शिकवणार. घर घासलं की शिकवणी बंद. ताप उतरला की औषध बंद, एवढं मला समजतं. पण पोर दोन यत्ता मागे पडलीय, ते काय खाटेला पडदा लावल्याने भरून निघालं? मी भिंती घासल्या, तिचं डोकं कुठे घासून झालंय?

फाइल परत उघड. मी पिंपात घाण टाकते. पडदा उतरवते. कांदे कुजवते. काय हवं ते बघ.

परीक्षा एप्रिलात आहे. मास्तरशिवाय ती गणितात जात नाही, पुस्तकाकडे नुसती बघत राहते. गेल्या आठवड्यात दोन दिवस शाळेत गेली नाही. पोटात दुखतं म्हणाली. पोटातली ती नळी मी पण शिकलेय, त्या दुखण्याला ओळखते मी.

लवकर लिही.

भिंगरीची आजी

•

ता. २९ जानेवारी

प्रिय आजी,

मी वरिष्ठांकडे गेले. नियम असा की नवा धोका कळल्याशिवाय बंद फाइल उघडत नाही. "मुलगी अभ्यासात मागे आहे" हा धोका धरत नाहीत. मी म्हटलं, याच मागे पडण्यासाठी तर ती सोय होती. ते म्हणाले, सोय फायलीसाठी आहे. मास्तरांना आता दुसऱ्या मुलाकडे पाठवलं आहे, तोही गरजूच आहे. तरी ते म्हणाले की रविवारी स्वतःहून येतील. पण मग त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि ते जमलं नाही. त्यांना दोष देऊ नका.

कांदे कुजवू नका. खोटं काही लिहू नका. ते पकडलं जातं आणि मग पुढे खरं सांगितलेलंही कुणी मानत नाही.

पण आजी, न सांगितलेलं खरं काही असेल, तर सांगा. मनगटावरचा तो डाग मला चटक्यासारखा वाटला नव्हता. चटका एका बाजूला असतो. तो डाग मनगटाभोवती सगळीकडून होता. मला दिसलं, तरी मी तुमचं उत्तर लिहून घेतलं, कारण वरिष्ठ दारात बूट घालत होते. हे माझं मी बघेन.

सांगायच्या आधी एवढं समजून घ्या, आणि या वेळी मी पातेल्याने ओतते. फाइल दुसऱ्यांदा उघडली तर मुलीला त्या घरात ठेवत नाहीत. तिला दुसऱ्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात नेतील. तिथे शाळा आहे, मास्तर आहेत, परीक्षेला बसवतील. तुम्हाला महिन्यातून एकदा भेटता येईल. ती परत कधी येईल हे मी सांगू शकत नाही.

तुमची,
चौकशीबाई

•

ता. १२ फेब्रुवारी

चौकशीबाई,

तुझं पत्र दुकानात बरेच दिवस पडून होतं. इस्त्रीवाला रोज विचारायचा, उत्तर लिहायचं का? मी म्हणायची, आज माझा घसा बसलाय. माझा घसा बसला, असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

आता लिही म्हटलंय. त्याने दोनदा पेन खाली ठेवला. तिसऱ्यांदा ठेवलास तर मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईन आणि तो तुझ्यापेक्षा वाईट लिहील, असं सांगितलं.

तो चटका नव्हता. रंगारी ऑक्टोबरपासून बेकरीच्या मागच्या दाराशी उभा असायचा. आधी रडला म्हणे. हा माणूस रडतो तेव्हा दाराला दोन कड्या लावाव्यात. नवी कडी मी त्याच्यासाठी बसवली, जुनी काही सैल झाली नव्हती. आणि भिंगरी खाली उजेडासाठी नव्हती बसत. तो वर आला तर ती वर नसावी, म्हणून. उजेड इस्त्रीच्या दुकानात कसला? चाळीसचा दिवा आहे.

मी तुला का नाही सांगितलं? मला वाटलं, मी आवरेन. लेकीला बोलले, कडी बसवली, पडदा शिवला. फाइल बंद झाली की पोरीला कुणी 'फाइल' म्हणणार नाही, ती परीक्षा देईल, आणि तोवर मी त्याला दारात अडवेन. चार दातांची म्हातारी आणि चार हात लांब रंगारी. हिशेब माझा कच्चाच, मास्तर माझ्यासाठी कधी आलाच नाही ना.

जानेवारीपासून तो इथेच राहतो. कडी लेकीनेच काढली. तिला मी दोष देत नाही आणि देतेही. ती म्हणते, आई, मला एकटीने नाही जमत. मी म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, "तू किती दिवस?"

भिंगरी शाळेत जात नाही. शाळेने तिचं नाव कापलंय. तो म्हणतो, बरं झालं, डबे धुवायला आणि ब्रश साफ करायला माणूस हवंच होतं. तिच्या बोटांना रंगाच्या तेलाचा वास येतो. परवा तिने डब्यातला थोडा रंग सांडला. त्याने काय केलं ते इस्त्रीवाला लिहीत नाहीये, मी सांगते तरी. तू येशील तेव्हा तिच्या डाव्या कानामागे बघ.

आणि ती आता फिरत नाही, बाई. भिंतीला टेकून बसते. एका जागी. मला वाटायचं, ही पोर कधी एका जागी बसेल? बसली.

तेव्हा ये. घेऊन जा.

सकाळी दहानंतर ये. लेक बेकरीत असते आणि तो कामावर निघालेला असतो. मी तिला खाली दुकानात पाठवते. तिची पुस्तकं आणि दोन कपडे इस्त्रीवाल्याकडे ठेवलेत. कार्यालयाचं नाव लिहिलेली गाडी आणू नकोस. गल्लीने बघितलं तरी हरकत नाही आता, पण ती 'फाइल' म्हणून त्या गाडीत चढणार नाही.

ती ओरडेल. माझ्याकडे बघून ओरडेल. तेव्हा तिला खोटं सांगू नकोस. आजीनेच मला बोलावलं, असंच सांग. पोराला रागावायला कुणी तरी लागतं, आणि तिचा राग पेलेल असं या घरात दुसरं कुणी नाही.

भिंगरीची आजी

•

ता. २१ मार्च

प्रिय आजी,

गाडीत ती गावाबाहेर पडेपर्यंत मागच्या काचेतून बघत होती. मग म्हणाली, "आजी दुकानाच्या दारात का नाही आली?" मी म्हटलं, तिला जिना उतरवत नव्हता. खोटं नको म्हणाला होतात, पण तेवढं मी बोलले.

डॉक्टरांनी कान बघितला. बरा होईल, ऐकू कमी येईल असं वाटत नाही. रंगाऱ्याला पोलिसांनी नेलं. तुमच्या मुलीने आमच्या कार्यालयात येऊन तुमच्याविरुद्ध बरंच बोलून टाकलं. मी ऐकून घेतलं.

वसतिगृहात भिंगरी पहिले काही दिवस जेवली नाही. आता जेवते. तिला वर्गात घेतलं आहे आणि एक बाई शिकवायला येतात. त्या फार कडक आहेत, उभं राहून वाचू देत नाहीत. मी बोलून बघितलं. त्या म्हणाल्या, इथे चाळीस मुली आहेत, सगळ्या फिरायला लागल्या तर? तरीही गणितात ती पुढे गेली आहे. परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात.

आता अडचण. तिच्या आईने अर्ज दिला आहे की तो माणूस आता तुरुंगात आहे, घर मोकळं आहे, मुलीला परत द्या. नियमाप्रमाणे घरातल्या मोठ्या माणसाला विचारावं लागतं, म्हणजे तुम्हाला. घर मुलीसाठी योग्य आहे, असं तुम्ही म्हणालात, तर ती दोन आठवड्यांत घरी येईल. आली की फाइल बंद. बाकीचंही थांबेल: शिकवणी, परीक्षेची जागा, सगळं. तिचं नाव जुन्या शाळेने परत घेतलेलं नाही.

तुम्ही अयोग्य म्हणालात, तर ती तिथेच राहील. किती काळ, ते ठाऊक नाही.

आणि एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. ती घरी यायचं म्हणते. रोज म्हणते. काल तिने मला सांगितलं, आजीला विचारा. आजी हो म्हणेल.

तुमची,
चौकशीबाई

•

ता. ३० मार्च

चौकशीबाई,

लेक माझ्याशी बोलत नाही, पण तिने माझ्यासमोर चहा ठेवला. आज सकाळी. मग म्हणाली, "कार्यालयातून विचारतील तेव्हा नीट सांग." एवढंच. ती गेल्यावर मी खाली आले.

तिच्याबद्दल वाईट लिहू नकोस. ती त्याला परत घेईल. तुरुंगातून माणसं रडत बाहेर येतात, आणि हिला ते रडणं ऐकू येतं. मला माझी लेक माहीत आहे. मी जगले तर अडवेन, पण माझ्या अडवण्याने काय होतं ते तू पाहिलंसच.

घर स्वच्छ आहे. पडदा आहे. दार लागतं. तुझे वरिष्ठ आले तर पुन्हा खूश होतील. त्यांना आणू नकोस.

माझं उत्तर असं. इस्त्रीवाल्या, नीट लिही, एक अक्षर सरळ करू नकोस. घर योग्य नाही. आजीचा भरवसा धरू नये. ती मागे एकदा खोटं बोललेली आहे आणि तिच्या अंगात जोर नाही. मुलीला परत पाठवू नये. परीक्षेआधी नाही, परीक्षेनंतरही नाही. ती त्या मोठ्या बाकावर बसून शाळा संपवेपर्यंत फाइल उघडी ठेवावी. कुणी विचारलं, का उघडी, तर सांगावं, म्हातारी म्हणते म्हणून.

याखाली अंगठा देते.

महिन्यातून एकदा भेटता येतं म्हणालीस. या महिन्यात मी येत नाही. माझं तोंड बघितलं की ती विचारेल, आणि तिने विचारलं की मी हो म्हणेन. माझा काय भरवसा, वर लिहिलंच आहे.

त्या कडक बाईंना तेवढं सांगून बघ. दारापासून खिडकीपर्यंत, एवढीच जागा पुरते तिला.

आणि भिंगरीला उत्तर आजच सांग. आजी नाही म्हणाली. गोड करून सांगू नकोस, लांबवू नकोस. आत्ता रडेल तर परीक्षेपर्यंत रडून होईल. पेपरला डोळे कोरडे हवेत.

तिची आजी